भारताचं उपराष्ट्रपतिपद

भारतीय घटनेच्या कलम ६३ ने निर्माण केलेलं, मानक्रमात राष्ट्रपतींच्या लगेच खालचं पद. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात आणि राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली किंवा ते आजारपणामुळे, परदेशी गेल्यामुळे काम करू शकत नसले तर त्यांचं काम बघतात. कलम ६३ ते ७१ मध्ये बहुतेक तरतुदी येतात. मुदत ५ वर्षांची, वयाची अट ३५ पूर्ण आणि उमेदवार राज्यसभेवर निवडून यायला पात्र हवा.

उगम : हे पद आलं कुठून यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तकं सरळ अमेरिकेकडे बोट दाखवतात, कारण तिथेही उपाध्यक्ष सिनेटचा अध्यक्ष असतो आणि त्याला सभागृहातलं साधं मत नसतं, समसमान मतं पडली तरच निर्णायक मत. आपल्याकडे कलम १०० मध्ये सभापतींबद्दल जवळपास तसंच आहे. पण साम्य इथेच थांबतं. अमेरिकेत १८४१ साली अध्यक्ष हॅरिसन वारले तेव्हा टायलर उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष झाले आणि पुढे १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने ते पक्कं झालं. भारतात उपराष्ट्रपती कधीच आपोआप राष्ट्रपती होत नाही, तो फक्त काम चालवतो आणि कलम ६२ प्रमाणे ६ महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावा लागतो.

दुसरं मत असं की खरं मूळ ब्रिटिशांच्या १९१९ च्या कायद्यातल्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये शोधावं. त्या वरच्या सभागृहाला स्वतंत्र प्रेसिडेंट असायचा, पहिले अलेक्झांडर मडिमन आणि नंतरच्या काळात नागपूरचे सर माणेकजी दादाभॉय. म्हणजे वरच्या सभागृहात खुर्चीवर सभासदांच्या स्पर्धेबाहेरचा माणूस बसवायची सवय आधीपासून होती, घटनाकारांनी तिला गरज पडली तर राष्ट्रपतींचं काम बघायची जोड दिली. कागदपत्रं बघता हे दुसरं मत जास्त पटतं. घटना समितीच्या, नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या युनियन कॉन्स्टिट्यूशन कमिटीच्या १९४७ च्या रिपोर्टमध्ये उपराष्ट्रपती आणि वरच्या सभागृहाचं अध्यक्षपद ही जोडी आलेलीच आहे. १९४८ च्या डिसेंबरअखेर घटना समितीत चर्चा झाली तेव्हा प्रश्न आला की राष्ट्रपतींना आमदार पण मत देतात मग उपराष्ट्रपतींना का नाही, तर डॉ. आंबेडकरांचं उत्तर साधारण असं होतं की या माणसाचं नेहमीचं काम कौन्सिल ऑफ स्टेट्स म्हणजे राज्यसभा चालवणं आहे, राष्ट्रपतींचं काम त्याच्याकडे क्वचित आणि थोड्या दिवसांपुरतं येणार, त्यामुळे विधानसभांना यात ओढायची गरज नाही. अमेरिकेचा नमुना त्यांच्यासमोर होताच, नाही असं नाही, पण भर सभागृहावर होता हे या उत्तरातून स्पष्ट दिसतं.

सुरुवात कधीची धरायची हाही प्रश्न आहे. घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली पण तेव्हा हंगामी संसद एकाच सभागृहाची होती, राज्यसभा नव्हती, त्यामुळे सव्वादोन वर्षं देशाला राष्ट्रपती होते आणि उपराष्ट्रपती कुणीच नव्हतं. म्हणून पदाचा प्रत्यक्ष आरंभ १३ मे १९५२ मानणं योग्य, त्या दिवशी राज्यसभेची पहिली बैठक झाली आणि पहिले उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांची कारकीर्दही तिथूनच मोजतात.

निवडणूक : मतदार म्हणजे दोन्ही सभागृहांचे सगळे खासदार, नामनियुक्त धरून. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नामनियुक्तांना मत नसतं, इथे असतं. मूळ घटनेत खासदारांनी संयुक्त बैठकीत जमून मत द्यायचं होतं. १९५२ आणि १९५७ ला राधाकृष्णन बिनविरोध आले त्यामुळे अशी बैठक कधी मतदानासाठी भरलीच नाही आणि १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने ती अटच काढली. याच दुरुस्तीत आणखी एक कलम घातलं गेलं की मतदार मंडळात काही जागा रिकाम्या होत्या एवढ्या कारणावर राष्ट्रपती किंवा उपराष्ट्रपतींच्या निवडीला आव्हान देता येणार नाही. त्यामागे नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांनी १९५७ च्या राष्ट्रपती निवडणुकीविरुद्ध सुप्रीम कोर्टात केलेली धडपड होती. काही ठिकाणच्या निवडणुका पूर्ण व्हायच्या आधीच राष्ट्रपती निवडला हा त्यांचा मुद्दा. कोर्टात ते हरले, पण प्रश्न खरा होता म्हणूनच संसदेला घटनेत शब्द घालावे लागले, याचं श्रेय डॉ. खरे यांना फारसं कुणी देत नाही आणि ते द्यायला हवं.

मतदान गुप्त असतं, पक्षाचा व्हिप चालत नाही. मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, फक्त नावं, आणि खासदाराने निवडणूक आयोगाने दिलेल्या पेननेच नावापुढे १, २ असे पसंतीचे आकडे लिहायचे, अक्षरात 'एक' लिहिलं तर मत बाद. २०२२ ला १५ मतं बाद झाली आणि २०२५ लाही १५. रोज कायदे करणाऱ्या माणसांकडून हे होतं.

१९७४ पूर्वी उभं राहणं फार सोपं होतं, मग ५ सूचक, ५ अनुमोदक आणि २,५०० रुपये डिपॉझिट आलं. तरीही हौशी उमेदवार उभे राहतच होते, १९९२ ला के. आर. नारायणन यांना ७०० मतं आणि दर निवडणुकीला उभे राहणाऱ्या काका जोगिंदर सिंग यांना १ मत पडलं. १९९७ मध्ये अट २० सूचक, २० अनुमोदक आणि १५,००० रुपये अशी कडक झाली.

१९६९ ची कोंडी : या पदाच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हेच. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असताना वारले, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम बघायला लागले. त्यांना स्वतःलाच राष्ट्रपतिपदाला उभं राहायचं होतं आणि त्यासाठी पद सोडायचं होतं, पण मग राष्ट्रपतीही नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही अशा वेळी काय, हे घटनेत लिहिलेलं नव्हतं. संसदेने २८ मे १९६९ च्या कायद्याने सोय केली की अशा वेळी सरन्यायाधीश काम बघतील. गिरींनी १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली, दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचं काम बघत राहिले. कलम ६७ म्हणतं उपराष्ट्रपतीने राजीनामा राष्ट्रपतींकडे द्यावा, आणि इथे राष्ट्रपतींचं काम करणारा माणूस तोच! घटनापंडितांनी यावर पुष्कळ खल केला. हिदायतुल्ला पुढे १९७९ ला स्वतः बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि १९८२ ला झैलसिंग ऑपरेशनसाठी अमेरिकेत गेले तेव्हा परत त्यांनी राष्ट्रपतींचं काम बघितलं.

नंतरचे : गोपाल स्वरूप पाठक १९६९ ते १९७४. त्यानंतर बी. डी. जत्ती, पूर्वीच्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातले. फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद वारल्यावर ते जुलैपर्यंत कार्यवाहक राष्ट्रपती होते आणि जनता सरकारने ९ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचा सल्ला दिला तेव्हा त्यांनी सही करायला आधी टाळाटाळ केली, शेवटी ३० एप्रिलला केली. ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक झालेला होता, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता.

राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरामन, शंकर दयाळ शर्मा आणि नारायणन असे ६ उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले. १९९७ नंतर ही वाट बंद झाल्यासारखी आहे. कृष्णकांत २७ जुलै २००२ ला उपराष्ट्रपती असतानाच वारले, असे ते एकटेच. भैरोंसिंह शेखावत यांनी २००२ ला सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदेंना ४५४ विरुद्ध ३०५ असं हरवलं आणि २००७ ला जळगावच्या प्रतिभाताई पाटलांकडून राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले. मराठी माणूस या पदावर अजून बसलेला नाही, मात्र महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले दोघं बसले, १९८७ ला शर्मा आणि २०२५ ला सी. पी. राधाकृष्णन.

रिकामी खुर्ची : पद रिकामं झालं तर 'शक्य तितक्या लवकर' निवडणूक घ्यावी एवढंच कलम ६८ सांगतं, राष्ट्रपतींसारखी ६ महिन्यांची मुदत नाही. कार्यवाहक उपराष्ट्रपती अशी सोयच नाही, सभागृह उपसभापती चालवतात. पदावरून काढायचं तर १४ दिवसांची नोटीस, राज्यसभेच्या तेव्हाच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव आणि त्याला लोकसभेची संमती लागते, कारण काय असावं हे मात्र घटनेत दिलेलं नाही. अशी पहिली नोटीस डिसेंबर २०२४ मध्ये जगदीप धनखड यांच्याविरुद्ध आली, उपसभापतींनी ती फेटाळली. धनखड यांनी २१ जुलै २०२५ ला तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला. ९ सप्टेंबरच्या निवडणुकीत सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि माजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मतं पडली, शपथ १२ सप्टेंबरला झाली.

पगार : उपराष्ट्रपती म्हणून पगार मिळतच नाही, मिळतो तो सभापती म्हणून, २०१८ ला ठरल्याप्रमाणे महिना ४ लाख रुपये. राष्ट्रपतींचं काम बघत असताना राज्यसभेची खुर्चीही सोडायची आणि तो पगारही, त्या काळात राष्ट्रपतींचा पगार लागू होतो.