डोळ्यातल्या इंजेक्शनने डोळा जात नाही

‘डोळ्यात सुई टोचली की डोळा गेलाच’ हे वाक्य जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या ओट्यांवर मी वर्षानुवर्षे ऐकतोय. ते चुकीचं आहे, आणि त्या भीतीपायी इंजेक्शन टाळून म्हातारी माणसं नजर गमावतात.

उतारवयात काहींच्या डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात. मग केळीच्या बागेतली सरळ ओळ वाकडी दिसते, समोरच्याच्या चेहऱ्याच्या मधोमध काळा डाग येतो. हा पडद्याचा आजार, मोतीबिंदू नव्हे. चष्म्याने तो जात नाही. डोळ्यातलं इंजेक्शन या वाहिन्यांना वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला रोखतं. त्यासाठीचं रॅनिबिझुमॅब हे औषध अमेरिकेत 2006 मध्ये मंजूर झालं.

सुई बुबुळात घुसत नाही. थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि बुबुळाच्या कडेपासून साधारण 3.5 ते 4 मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून जेमतेम 0.05 मिलिलिटर औषध सोडतात. नंतर तिथे लाल डाग दिसतो, तो आपोआप विरतो. जंतुसंसर्गाचा धोका असतो, पण क्वचित. मात्र दुखणं वाढलं, नजर घटली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग अफवा कुठून आली? लोक उशिरा येतात. तोवर पडद्यावर व्रण पडलेला असतो, तो औषधाने भरत नाही आणि दोष सुईला लागतो. शिवाय एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला बहुधा दरमहा एक, असे तीन महिने, पुढे तपासणीनुसार. कापूस वेचणीच्या दिवसांत जळगाव-धुळ्याची खेप टळते आणि पाझर पुन्हा सुरू होतो.

घरच्या आजी-आजोबांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघायला सांगा. वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या.