ओपनऑफिस की लिबरऑफिस: सोप्या नावाला भुलू नका

पुण्यात कुणीही ‘वर्डऐवजी फुकटातलं काही सुचवा’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘ओपनऑफिस टाक.’ नाव तोंडात बसतं, ऐकून लिहिता येतं. दुसरा फुकटचा पर्याय म्हणजे लिबरऑफिस. त्याला कोणी लिब्रे म्हणतं, कोणी लायबर. स्पेलिंग सांगेपर्यंत समोरचा ओळखीचं नाव शोधून तेच उतरवून घेतो. घोळ इथेच होतो. सोप्या नावाचं सॉफ्टवेअर मागे पडलंय आणि खरं काम अवघड नावाच्या सॉफ्टवेअरवर चालू आहे.

मूळ दोघांचं एकच. ओपनऑफिस सन कंपनीचं होतं. २०१० मध्ये ओरॅकल या दुसऱ्या कंपनीने सन विकत घेतली. त्याच सप्टेंबरात ओपनऑफिसवर काम करणारे बरेच जण वेगळे झाले, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं. जुनं नाव ओरॅकलकडेच राहिलं, म्हणून त्यांच्या आवृत्तीचं नाव लिबरऑफिस. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे या ना-नफा सॉफ्टवेअर संस्थेकडे सोपवलं. ओपनऑफिसची ४.१ ही मालिका २०१४ ची. तेव्हापासून तिच्यातच डागडुजी चालते. लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. परवानेही असे की ओपनऑफिसचा कोड लिबरऑफिसला घेता येतो, उलट नाही.

लिखाणाचं रायटर, हिशेबाचं कॅल्क, स्लाइड्सचं इम्प्रेस दोन्हीकडे आहेत, मेनूही बरेचसे सारखे. त्यावर वेळ घालवू नका.

अडतं ते वर्डच्या सध्याच्या ‘डॉकएक्स’ या फाइल प्रकारावर. ओपनऑफिस अशी फाइल उघडतं, पण तिच्यात सेव्ह करत नाही. सेव्ह ॲजमध्ये ओपनऑफिसचा स्वतःचा फाइल प्रकार ओडीटी मिळतो आणि वर्ड ९७-२००३ चं जुनं ‘डॉक’. कॉलेजने डॉकएक्सच मागितलेली असते, म्हणून मुलं ‘डॉक’मध्ये सेव्ह करून नावापुढे हाताने ‘एक्स’ जोडतात. नाव बदललं तरी आतली रचना जुनीच राहते, आणि सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात वर्ड सांगतो की फाइलचा प्रकार आणि एक्स्टेन्शन जुळत नाही. ऐन सबमिशनच्या दिवशी हे होऊ देऊ नका. लिबरऑफिसमध्ये सेव्ह ॲजच्या यादीतच डॉकएक्स आहे. तरीही तक्ते आणि पानांचे आकडे थोडे सरकू शकतात, म्हणून छपाईला नेहमी पीडीएफच न्या. ती दोन्हीकडून निघते.

नाव अवघड असलं की चांगलं सॉफ्टवेअरही लोकांपर्यंत पोचत नाही, हे खरंच आहे. पण नुसतं नाव बदलूनही भागत नाही. फोटो एडिटिंगच्या गिंपचं नाव खटकतं म्हणून २०१९ मध्ये ‘ग्लिम्प्स’ नावाने वेगळी चूल मांडली गेली. २०२१ मध्ये ते काम थांबलं. गिंप आजही चालू आहे. सॉफ्टवेअर निवडताना शेवटची मोठी आवृत्ती कधी आली ते आधी पाहा, नाव नंतर.

ज्यांच्याकडे ओपनऑफिस आहे त्यांनी लिबरऑफिस टाकावं. दोन्ही एकाच मशीनवर नांदतात आणि जुन्या ओडीटी फाइली जशाच्या तशा उघडतात. विंडोजवर टाकताना ‘टिपिकल’ऐवजी ‘कस्टम’ निवडा, म्हणजे यूजर इंटरफेसच्या भाषांत मराठी घेता येते. मग टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींची सोय) चालू करून तिथेही मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट रायटरच्या ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ या पानावर वेगळा ठरवावा लागतो. शेजारच्या वेस्टर्न पानावर केलेल्या बदलाने मराठी अक्षरं हलत नाहीत.