हरभऱ्याची मर आणि जनुकांचा हिशेब

जमिनीत चांगली ओल असताना हरभऱ्याची रोपे माना टाकू लागली की पुणे जिल्ह्यात आजही दोन निदाने हमखास ऐकू येतात: पाणी कमी पडले, किंवा पिकाला नजर लागली. अशा वेळी वाळके रोप मुळासकट उपटून त्याचे खोड उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर तो मर रोग समजावा. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांमध्येच वाढते, त्यामुळे मुळाशी ओल असूनही पाने तहानलेली राहतात. हरभरा पेरला नाही तरी ही बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. तिच्यापुढे लिंबू-मिरची जितकी निरुपयोगी, तितक्याच एका फवारणीत मर कायमची घालवण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीही फसव्या आहेत.

एकाच शेतात एक वाण मरतो आणि दुसरा उभा राहतो, याचे कारण जनुकांत आहे. या बुरशीच्या आठ जाती, म्हणजे ‘रेस’, ओळखल्या गेल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या रेसविरुद्धच्या प्रतिकाराचा उलगडा १९८० च्या दशकाच्या आरंभी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत झाला, आणि तो मला अतिशय सुंदर वाटतो. जेजी-६२ हा वाण लवकर मरतो, तर सी-१०४ आणि के-८५० हे दोन्ही मरतात, पण उशिरा. या दोन उशिरा मरणाऱ्या वाणांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत काही झाडे पूर्ण निरोगी निघाली. दोन्ही वाणांत प्रतिकाराचा एकेक वेगळा जनुक होता. एकटा जनुक मरण फक्त लांबवतो, दोन एकत्र आले की ते टळते. हे दोन्ही जनुक अप्रभावी, म्हणजे एकाच प्रतीने परिणाम न दाखवणारे, असल्यामुळे प्रत्येकाच्या दोन्ही प्रती झाडात जमून याव्या लागतात. तशी शक्यता एका जनुकासाठी चारात एक आणि दोन्हींसाठी सोळात एक असते. म्हणून मेंडेलच्या गणिताने सोळा झाडांपैकी सरासरी नऊ लवकर मरतात, सहा उशिरा मरतात आणि एक वाचते. पुढे तिसरा जनुकही सापडला. तो मात्र प्रभावी आहे, म्हणजे त्याची एकच प्रत पुरते, आणि तिघांपैकी कोणतेही दोन एकत्र आले तरी झाड वाचते.

असे जनुक डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या शेजारच्या डीएनएतील खुणा शोधाव्या लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यासाठी जेजी-६२ आणि राहुरी कृषी विद्यापीठाचा प्रतिकारक ‘विजय’ यांच्या संकराची संतती वापरली गेली. २०१३ साली हरभऱ्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर हा शोध आणखी सुकर झाला. आता कोवळ्या रोपाच्या एका पानावरूनही निवड करता येते. तरीही नवा वाण अखेर मरग्रस्त जमिनीत लावूनच पारखतात, आणि त्याच्या शेजारच्या ओळीतला जेजी-६२ वाळला असेल तरच ती चाचणी ग्राह्य धरली जाते.