पाण्याचा रंग, आभाळाची चकाकी

लोणार सरोवराचं पाणी एरवी हिरवट दिसतं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं. पाणी आटून क्षार वाढले, की खारटपणात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचं रंगद्रव्य गुलाबी असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलेला नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग तरंगणाऱ्या जिवांचा.

उजेड पाण्यात शिरून या जिवांवरून परत आला, तरच तो रंग कॅमेऱ्यात येतो. पृष्ठभागावरून परतणारा उजेड मात्र आभाळाचा असतो आणि तोच फोटो पांढुरका करतो. म्हणून सूर्य वर आलेला असताना, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, तो पाठीशी घेऊन फोटो काढा. पहाटेचे फोटो देखणे येतात, पण त्यांत रंग बहुतेक आभाळाचाच.

चकाकी कापायला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर. नजर पाण्याशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तिथे तो सर्वांत प्रभावी ठरतो. हिशेब सोपा आहे: डोळ्यांच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट अंतरावरचं पाणी. काठावर उभं राहिलं तर जेमतेम दोन मीटर पुढचं! लोणारच्या कड्यावरून सरोवर फार तिरकं दिसतं, तिथे फिल्टर कितीही फिरवला तरी चकाकी पूर्ण जात नाही. मग काठच्या झाडांचं काळपट प्रतिबिंब पडलेला भाग शोधावा; तिथे आभाळ नसतं, रंग उघडा पडतो. इंदूरकरांनी निघण्यापूर्वी आपल्या सिरपूर तलावाच्या बांधावर फिल्टर फिरवून हा फरक पाहून घ्यावा. मोबाइल असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्सपुढे धरून फिरवली तरी चालतं.

फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा शटरचा वेळ किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, तेवढी वाढवा. खरा घोळ ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप केलेली रंगदुरुस्ती, घालते. फ्रेमभर गुलाबी पाणी दिसलं, की ती रंगछटा चूक समजून कॅमेरा पुसू पाहतो. व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर (उन्हाच्या उजेडाचा आकडा) पक्का करा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रेघ उजव्या कडेला आपटत नाही ना, तेवढं बघा. मोबाइलचं 'रंग खुलवणं' बंदच बरं. त्यानं हिरवट पाणीही पोपटी होतं.

सरोवराचं पाणी क्षारयुक्त आहे. लेन्सच्या किंवा फिल्टरच्या काचेवर थेंब उडाला तर वाळू देऊ नका. वाळलाच तर कोरड्या फडक्यानं घासू नका, क्षाराचे कण काचेवरच्या पातळ थरावर (कोटिंगवर) चरे पाडतात. आधी साध्या पाण्यानं भिजवून विरघळवा, मग टिपा.