ई-पुस्तकांतील चित्रे

ई-वाचक, टॅब्लेट, मोबाइल किंवा संगणकावर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकातील छायाचित्रे, नकाशे, आलेख व रेखाटने, आणि ती पाहण्याची रीत. छापील पुस्तकात चित्राचे माप आणि जागा मुद्रणालयात एकदाच ठरते. ई-पुस्तकात मात्र पडद्याची रुंदी आणि वाचकाने निवडलेले अक्षरमाप यांनुसार ती दर वेळी नव्याने ठरते. त्यामुळे चित्र पाहणे दोन टप्प्यांत होते : आधी मजकुराच्या ओघात दिसणारे लहान चित्र, आणि मग बोट लावून वेगळे उघडलेले मोठे चित्र. बहुतेक तक्रारी या दोन टप्प्यांमधल्या फटीतून निघतात.

इपब हे ई-पुस्तकाचे सर्वांत प्रचलित रूप म्हणजे वेबपानांसारख्या फाइली आणि चित्रे यांची एकत्र बांधलेली झिप-मोट असते. तिची मांडणी दोन प्रकारची. प्रवाही मांडणीत मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो आणि चित्र दोन परिच्छेदांमध्ये जेथे जागा मिळेल तेथे बसते. स्थिर मांडणीत प्रत्येक पान छापील पानासारखे जखडलेले असते. बालचित्रपुस्तके आणि चित्रकथांना ती शोभते, पण लहान पडद्यावर अक्षरे मोठी करण्याची सोय तीत उरत नाही. कादंबरीत दोन नकाशे आहेत एवढ्यासाठी सगळे पुस्तक स्थिर मांडणीत करणे ही चूकच.

ओघातले चित्र मोठे करण्याची कृती उपकरणागणिक थोडी बदलते. किंडल या ॲमेझॉनच्या ई-वाचकावर चित्र दाबून धरले की भिंगाची खूण येते. तिच्यावर टिचकी मारल्यावर चित्र पूर्ण पडद्यावर उघडते आणि दोन बोटांनी आणखी मोठे करता येते. आधी भिंग न उघडता मजकुराच्या पानावर दोन बोटे ताणली, तर चित्राऐवजी अक्षरेच मोठी होतात. नवख्या वाचकाचा गोंधळ बहुधा येथेच होतो. ॲपल बुक्समध्ये चित्रावर लागोपाठ दोन टिचक्या माराव्या लागतात, तर कोरीडर या पुस्तके वाचण्याच्या मुक्त प्रणालीत चित्र दाबून धरावे लागते. आडवा नकाशा उभ्या पडद्यावर उघडला, तर तो रुंदीत मावेपर्यंत आक्रसतो आणि खालीवर पांढरी जागा पडते. अशा वेळी पानाची दिशा आडवी करावी. ई-शाईच्या, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेल्या, अनेक ई-वाचकांत उपकरण नुसते फिरवल्याने चित्र फिरत नाही, दिशा मेनूतून बदलावी लागते. नकाशाकडे वारंवार परतायचे असल्यास त्या पानावर सुरुवातीलाच खूण करून ठेवणे सोयीचे. किंडलमधील ‘पेज फ्लिप’मुळे चालू पान न हरवता मागचे पान पाहून येता येते.

ई-शाईच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात. कुपीतले काळे आणि पांढरे विद्युत्भारित कण वर-खाली सरकवून चित्र उमटते. २००७ साली आलेल्या पहिल्या किंडलचा ६ इंची पडदा ६०० × ८०० पिक्सेलांचा होता आणि राखाडीच्या ४ छटा दाखवीत असे. २००९ च्या किंडलपासून १६ छटा आल्या. छायाचित्रातल्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या भागाला १६ छटा पुरत नाहीत, पट्टे दिसू लागतात. ते टाळण्यासाठी काळे-पांढरे ठिपके विखरून मधल्या छटेचा भास निर्माण करतात. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत यासाठी आजही वापरात आहे. चित्र बोटाने सरकवताना ते क्षणभर खडबडीत दिसते, कारण वेगासाठी उपकरण त्या वेळी छटा सोडून देते. बोट उचलून थांबले की ते पुन्हा नीट उमटते. आधीच्या पानाची पुसट सावली राहिली, तर पडदा पूर्ण ताजा करण्याची आज्ञा द्यावी.

रंगीत चित्र राखाडीत उतरताना होणारी हानी आकड्यांत दाखवता येते. प्रचलित सूत्रात लाल घटकाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असा भार देतात. त्यानुसार शुद्ध लाल (२५५, ०, ०) आणि गडद हिरवा (०, १३०, ०) हे दोन्ही रंग राखाडीच्या ७६ या एकाच पातळीवर येतात. म्हणजे एका पक्षाच्या जागा लाल आणि दुसऱ्याच्या हिरव्या दाखवणारा निवडणुकीचा नकाशा ई-शाईवर सपाट राखाडी होऊन बसतो. रंगासोबत रेघाटणी, ठिपके किंवा थेट अक्षरखूण दिली तर नकाशा वाचता येतो. २०२४ पासून किंडल व कोबो या ई-वाचकांच्या दोन्ही मालिकांत रंगीत ई-शाईची उपकरणे आली. त्यांत काळा-पांढरा मजकूर इंचाला ३०० पिक्सेल, पण रंग १५० पिक्सेल इतक्याच बारकाव्याने दिसतो. शिवाय रंगगाळणीच्या थरामुळे पडदा थोडा काळवंडतो. टॅब्लेटच्या झगमगीत रंगांची अपेक्षा तेथे करू नये.

चित्र मोठे केल्यावर तपशील वाढेल ही समजूत फसवी आहे. फाइलमध्ये जे पिक्सेल नाहीत ते ताणून येत नाहीत. इंचाला ३०० पिक्सेल असलेल्या ७ इंची पडद्याची रुंदी सुमारे १,२६४ पिक्सेल असते. ६०० पिक्सेल रुंदीचा नकाशा तेथे ओघातच दुप्पट ताणला जातो किंवा अर्ध्या रुंदीत बसतो, आणि भिंगाखाली गावांची नावे फक्त जास्त धुरकट होतात. पूर्ण रुंदीच्या छायाचित्राला १,५०० पिक्सेल आणि ज्यात शिरून पाहायचे त्या नकाशाला २,५०० च्या आसपास ठेवणे हा व्यवहारी नियम. देवनागरीला येथे जास्तीची किंमत मोजावी लागते. रोमन अक्षर १० पिक्सेल उंचीत कसेबसे ओळखू येते. देवनागरीत तेवढ्यातच शिरोरेघ, वर वेलांटी किंवा रफार आणि खाली उकार बसवायचे असल्याने ‘र्मि’ आणि ‘मि’ सारखेच दिसू लागतात. मराठी नावांना मात्रांसकट किमान २० पिक्सेल उंची द्यावी. रेषांचे नकाशे व आकृत्या एसव्हीजी या सदिश रूपात, म्हणजे पिक्सेलांऐवजी गणिती रेषांत साठवून दिल्या तर कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. मात्र त्यातली मराठी अक्षरे फाँटवर अवलंबून ठेवली, तर काही उपकरणांत जोडाक्षरे सुटून पाय मोडलेली दिसतात. म्हणून अशी अक्षरे आधी आकारांत रूपांतरित करून घेतात.

छायाचित्राला जेपेग आणि रेखाटनाला पीएनजी हा साधा विवेकही अनेकदा पाळला जात नाही. जेपेगच्या दाबणीत काळ्या रेषेभोवती धुळीसारखे कण उठतात आणि पांढऱ्या ई-शाईवर ते ठळक दिसतात. छापखान्यासाठी चार शाईंच्या रंगपद्धतीत साठवलेले जेपेग तसेच ई-पुस्तकात घातले, तर काही ई-वाचकांत रंग उलटेपालटे होतात. ते आधी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत आणावे. जुन्या छापील पुस्तकातून स्कॅन केलेल्या छायाचित्रात छपाईचे ठिपके असतात. ते पडद्याच्या जाळीशी भिडले की लाटांसारखी नक्षी उमटते. त्यावर उपाय म्हणून मोठ्या मापात स्कॅन करून, ठिपके किंचित पुसट करून मग माप कमी करतात.

पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेषेने काढलेली आकृती अंधारी रंगसंगती निवडताच नाहीशी होते, कारण काळ्यावर काळे दिसत नाही. आकृतीमागे पांढरा थर भरला की हा दोष मिटतो. चित्राखालची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊन पडणे हा तितकाच नेहमीचा दोष. चित्र आणि ओळ एकाच चौकटीत बांधून ती मध्ये तुटू नये अशी सूचना शैलीपत्रकात, म्हणजे मांडणीचे नियम लिहिलेल्या फाइलीत द्यावी लागते, आणि चित्राची उंची पडद्याच्या उंचीहून थोडी कमी ठेवावी लागते, नाहीतर ओळीला जागाच उरत नाही. ‘शेजारील चित्रात’, ‘वरील आकृतीत’ असे छापील पुस्तकातले उल्लेख येथे निरर्थक ठरतात. चित्रांना क्रमांक देऊन दुवा जोडणे बरे. छापील पुस्तकात दोन पानांवर पसरलेला नकाशा दोन तुकड्यांत देण्याचा आळस वाचकाला सर्वांत महाग पडतो.

वाचकाच्या हातूनही चित्रांचा दर्जा घसरू शकतो. कॅलिबर या ई-पुस्तकांचे रूप बदलणाऱ्या संगणकप्रणालीत रूपांतर करताना ‘आउटपुट प्रोफाइल’, म्हणजे कोणत्या उपकरणासाठी फाइल करायची तो पर्याय, जुन्या लहान पडद्याचे निवडलेले असल्यास चित्रे त्या मापाला आक्रसू शकतात. ‘टॅब्लेट’ प्रोफाइल त्यांचे माप बदलत नाही.

किंडलवर मराठी पुस्तकांची सोय डिसेंबर २०१६ मध्ये आली. युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेतपद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन उघडत असे, म्हणून तो पीडीएफमध्ये किंवा सरळ पानाचे चित्र करून देण्याची सवय पडली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. अशा पुस्तकात सगळा मजकूरच चित्र असतो. ६ इंची पडद्याची रुंदी साधारण ९ सेंटिमीटर. त्यावर २१ सेंटिमीटर रुंदीचे ए-४ पान पूर्ण बसवले की १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटच्या जवळ येते. समास कापून आणि पान आडवे करून निम्मे-निम्मे वाचणे हा त्यावरचा तोडगा. कोरीडरमध्ये समास आपोआप कापले जातात. दिवाळी अंकांच्या पीडीएफ आवृत्तीत हास्यचित्रे दोन स्तंभांच्या मजकुरात गुंफलेली असल्याने असा अंक टॅब्लेटवरच वाचावा.

चित्रांचे वजन पैशांतही मोजले जाते. ॲमेझॉनच्या ७० टक्के मानधनाच्या पर्यायात फाइलच्या दर मेगाबाइटमागे वितरणखर्च वजा होतो. अमेरिकेतील विक्रीवर तो १५ सेंट, भारतातील विक्रीवर ७ रुपये. स्वस्त पुस्तकात दहा जड छायाचित्रे भरणाऱ्या लेखकाला हे पहिल्या हिशेबातच कळते.

दृष्टिहीन वाचकासाठी प्रत्येक चित्रामागे पर्यायी मजकूर लिहावा लागतो. तो नसेल तर वाचनयंत्रणा नुसते ‘प्रतिमा’ म्हणून पुढे जाते किंवा फाइलचे नाव वाचते. चित्राखालच्या ओळीत जे आहे तेच पुन्हा न लिहिता चित्रात काय दिसते ते सांगावे, आणि निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीसाठी ती जागा मुद्दाम रिकामी ठेवावी. पुस्तकाची भाषा मराठी असल्याची नोंद फाइलमध्ये नसल्यास देवनागरी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचला जाण्याची शक्यता असते. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून लागू झालेल्या सुगम्यता कायद्याच्या कक्षेत ई-पुस्तकेही येतात, त्यामुळे तेथे विक्री करणाऱ्या प्रकाशकांना हे काम टाळता येत नाही.

इपबचेक हे तपासणीसाधन फाइलची रचना बरोबर आहे की नाही एवढेच सांगते. नकाशातले नाव वाचता येते का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी तयार पुस्तक ६ इंची ई-शाईच्या ई-वाचकावर, मोबाइलवर अंधाऱ्या रंगसंगतीत आणि सर्वांत मोठ्या अक्षरमापात उघडून प्रत्येक चित्र डोळ्यांनी पाहिले जाते.