कर्कजनन

कर्कजनन : निरोगी पेशीची कर्कपेशी होण्याची, बहुधा अनेक वर्षे चालणारी प्रक्रिया. पेशीच्या डीएनएमध्ये साठत गेलेली उत्परिवर्तने आणि पेशीभोवतीच्या ऊतीची अवस्था या दोहोंचा तीत वाटा असतो. मात्र यांपैकी मूळ कारण कोणते, याविषयी मतभेद आहेत.

जनुकीय कारणमीमांसेचा आरंभ सामान्यतः टेओडोर बोव्हेरी यांच्या १९१४ मधील गुणसूत्रविषयक मांडणीपासून धरतात. पेटन राऊस यांनी त्याआधीच, १९११ मध्ये, कोंबडीतील सार्कोमा (संयोजी ऊतीची कर्कगाठ) गाळून घेतलेल्या, पेशीविरहित अर्काने दुसऱ्या कोंबडीत संक्रमित होतो हे दाखवले होते. त्या अर्कातील रोगकारक विषाणूतील (राऊस विषाणूतील) गाठ घडवणारे ‘सार्क’ जनुक मुळात पक्ष्याच्या स्वतःच्या जनुकसंचातील आहे, हे बिशप व व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये सिद्ध केले.

कर्कजनुकात (बदलल्यास पेशीला कर्कपेशी होण्याकडे नेणाऱ्या जनुकात) एका प्रतीतील बदलही पुरतो. विभाजनाचा संदेश देणाऱ्या ‘रास’ प्रथिनात १२ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले, की त्याला जीटीपीचे (ज्याच्या जोडणीने ते चालू राहते त्या रेणूचे) विघटन नीट करता येत नाही आणि विभाजनाचा संदेश चालूच राहतो. हा फरक डीएनएच्या एकाच अक्षराचा असतो (१९८२, मूत्राशयाच्या कर्कपेशी). अर्बुदरोधी (गाठ होऊ न देणाऱ्या) जनुकाच्या मात्र सहसा दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. रेटिनोब्लास्टोमाच्या (डोळ्यातील दृष्टिपटलाच्या कर्करोगाच्या) ४८ रुग्णांवरून नुडसन यांनी १९७१ मध्ये हा ‘दोन आघातांचा’ निष्कर्ष काढला. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच झालेला असल्याने रोग लवकर आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एपीसी, केरास, पी५३ या जनुकांत उत्परिवर्तने होण्याचा क्रम वारंवार आढळतो. तो प्रत्येक रुग्णात तसाच असतो असे नाही.

परिसराचा विचार याहून जुना आहे. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदन-नोंदी तपासून स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ‘बीज आणि माती’ ही कल्पना मांडली : दुय्यम गाठी कोठेही नव्हे, तर ठरावीक अवयवांतच रुजतात. गाठ १–२ मिमी.पेक्षा मोठी होण्यास सहसा नव्या रक्तवाहिन्या लागतात, कारण केशवाहिनीपासून ०.१–०.२ मिमी.पलीकडे ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ (ऑक्सिजनच्या कमतरतेला प्रतिसाद देणारा प्रथिनघटक) टिकून राहतो, व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन) स्रवते व वाहिन्या गाठीकडे वाढतात. तंतुजनक पेशी आधारद्रव्य ताठर करतात. भक्षकपेशी वाढघटक पुरवतात. कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील पीडी-एल१ या प्रथिनामुळे टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) निष्प्रभ होतात.

वादाचा मुख्य आधार पुन्हा राऊस विषाणूच आहे. कोंबडीच्या पंखात तो टोचला की तेथे गाठ होते; विषाणू रक्तातून पसरूनही दुसऱ्या पंखात ती होत नाही. त्या पंखाला जखम केली, की जखमेच्या जागी गाठ येते. जखम भरताना स्रवणारा टीजीएफ-बीटा हा वाढघटक याला बराचसा कारणीभूत ठरतो. कोवळ्या भ्रूणात तोच विषाणू गाठ करत नाही. पण त्या भ्रूणाच्या पेशी काढून काचपात्रात वाढवल्या, की त्या कर्कपेशींसारख्या वागू लागतात (१९८४). अशा पुराव्यांवर भर देत सॉननशाइन व सोटो यांनी १९९९ मध्ये कर्करोग हा पेशीचा नव्हे, तर ऊतिरचनेचा विकार आहे असे प्रतिपादन केले. वृद्धांच्या निरोगी अन्ननलिकेत नॉच१ या जनुकात उत्परिवर्तने असलेले पेशीसमूह कर्करोग नसतानाही मोठ्या प्रमाणावर आढळतात (२०१८), हेही त्या दिशेने बोलके आहे.

तरीही हे मत टोकाचे वाटते. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात बीसीआर-एबीएल हे उत्परिवर्तनातून आलेले एकच प्रथिन इमॅटिनिब या औषधाने रोखले, तरी बहुतेक रुग्णांत रोग आटोक्यात येतो. केवळ ऊतिरचनेच्या बिघाडाने याचा उलगडा होत नाही. उत्परिवर्तन आवश्यक, पण बहुधा अपुरे, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. दीर्घकालीन दाहात दोन्ही बाजू एकत्र येतात : हेपॅटायटिस-बी वा हेलिकोबॅक्टर या जठरातील जिवाणूच्या संसर्गात ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू डीएनएला इजा करतात आणि सततच्या झीज-भरपाईमुळे इजा झालेल्या पेशींना विभाजनाची संधी वारंवार मिळते.