मराठवाड्यातील लोकवाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक संगीत

संबळ, चौंडके, तुणतुणे, हलगी, दिमडी या वाद्यांना सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारा कीबोर्ड), ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे आठ पॅडचे यंत्र), सॅम्पलर (आवाज भरून घेऊन वाजवणारे यंत्र) किंवा संगणकावर बांधलेल्या ठेक्याची जोड देण्याचा प्रकार. मराठवाड्यात तो वराती, मिरवणुका, ऑर्केस्ट्रा आणि देवीच्या गाण्यांच्या रीमिक्समधून ऐकू येतो.

यातली बरीच वाद्ये देवीच्या दारची. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी यांच्या गोंधळी-आराध्यांनी ती जपली. यंत्रे मात्र बाहेरून आली. १९८० मध्ये रोलँड या जपानी कंपनीचे टीआर-८०८ हे ठेका-यंत्र निघाले. मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच त्याच्या ठेक्यावर सिंथेसायझरने राग बांधले. पुढच्या वर्षी मिडी ही जोडणीची सामाईक पद्धत आली, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडता येऊ लागली. ऑक्टोपॅड १९८५ चा.

यंत्राशी सर्वांत सहज जुळते ते चौंडके. काखेत धरलेले लाकडी नळकांडे, तळाला कातडे, कातड्याच्या मधोमध ओवलेली तात आणि तिचे दुसरे टोक मुठीत. मूठ ओढली की नाद चढतो, सैल सोडली की घसरत खाली येतो. कीबोर्डच्या कडेचे चाक फिरवून सिंथेसायझरवाला हेच करतो. तरी रीमिक्सवाल्यांचा ओढा संबळाकडेच जास्त, हे नवलच.

तुणतुण्याची अडचण निराळी. गोंधळी ते स्वतःच्या गळ्यावर लावतो. पेटीच्या काळी दोन आणि पांढरी तीन या शेजारच्या पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी. कीबोर्डचे सूर ठरलेले. अशा वेळी खुंटी पिळून गायकाचा गळा ताणण्यापेक्षा कीबोर्डच बारीक सरकवून घ्यावा. तशी सोय त्यात असते.

हलगीचे कातडे दमट हवेत उतरते, म्हणून वाजवण्याआधी पाचट नाहीतर कागद पेटवून ते शेकतात. ऑक्टोपॅडवर भरलेली हलगी भर पावसातही उतरत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत हा गुण थोडाथोडका नव्हे. मात्र नेमका एकच ठोका भरून घेतला, तर तिची जाड काठी आणि बारीक काठी यांचे बोलणे त्यात येत नाही.

खरी कसोटी लयीची. गोंधळ संथ सुरू होतो आणि चढत जातो. यंत्र मिनिटाला १२० ठोके म्हटले की १२० वरच राहते. संबळवाल्याच्या कानात टिकटिक लावली की ठेका चोख बसतो, पण गोंधळ रंगत नाही. त्यापेक्षा यंत्रवाल्याने संबळाकडे बघून यंत्राच्या बटणावर बोटाने लय देत जावे. मग दोघांना एकत्र चढता येते.

आवाजांचे मिश्रण करताना संबळाचा खर्जातला घुमारा आणि यंत्राचा ढोल एकाच जागेसाठी भांडतात. सहसा संबळाचाच आवाज उतरवला जातो. वरातीच्या भिंतीएवढ्या स्पीकरांत तर तुणतुणे सर्वांत आधी हरवते; माइक तारेपाशी न धरता तळाच्या कातड्याशी धरला, तर थोडेफार हाती लागते.